निळी आग, तांबडी ऊब

एलईडी बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. पिवळसर उजेडाच्या बल्बवर २७०० किंवा ३०००, पांढऱ्याफटक, किंचित निळसर उजेडाच्या बल्बवर ६५००. हे केल्विनमधलं तापमान. गंमत अशी, की २७०० च्या खोक्यावर 'वॉर्म' लिहिलेलं असतं आणि ६५०० च्या खोक्यावर 'कूल'. जास्त तापमानाचा बल्ब गार आणि कमी तापमानाचा उबदार! विजेच्या सामानाच्या दुकानात कुणी हे विचारलं, तर मालक 'पिवळा देऊ की पांढरा, ते बोला' म्हणून विषय मिटवतो. पण यात छापखान्याची काही चूक नाही. पदार्थविज्ञान आणि माणसाची नजर यांचं या एका बाबतीत पूर्वापार वाकडं आहे, आणि खोक्यावर दोघांचीही साक्ष शेजारी शेजारी छापलेली असते.

पदार्थविज्ञानाचं म्हणणं लोहाराच्या भट्टीपाशी लवकर पटतं. कोळशात खुपसलेली सळई ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली, की अंधारात पहिल्यांदा काळपट तांबडी दिसू लागते. भाता चालू राहिला की लालबुंद होते, मग नारिंगी, मग पिवळी, आणि १२००-१३०० अंशांच्या पुढे डोळे दिपवणारी पिवळट पांढरी. लोहार थर्मामीटर लावत बसत नाही; रंग बघतो आणि सळई ऐरणीवर घेतो. या चढत्या भाजणीत तांबडा रंग अगदी तळाला आहे. तापलेल्या वस्तूचं तापमान जसजसं वाढतं, तसतसा तिच्या प्रकाशात निळ्या बाजूचा वाटा वाढत जातो. याचं गणित १९०० मध्ये मॅक्स प्लांक यांनी मांडलं. बल्बच्या खोक्यावरचा आकडा त्याच गणितातून आलेला आहे. बल्ब स्वतः तेवढा तापत नाही. अशा रंगाचा उजेड यायला एखादी आदर्श काळी वस्तू किती तापवावी लागेल, एवढंच तो आकडा सांगतो. या हिशेबात मेणबत्ती १९०० केल्विनच्या आसपास बसते, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आणि निरभ्र निळं आकाश १०,००० च्याही वर जातं.

लोखंड १५३८ अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टीत याच्या पुढचा रंग काही बघायला मिळत नाही. तो आकाशात बघावा. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्राच्या चौकोनात एका कोपऱ्याला काक्षी हा तांबूस तारा दिसतो आणि त्याच्या तिरक्या समोर राजन्य, निळसर पांढरा. दोन्ही चांगलेच ठळक, त्यामुळे रंगातला फरक दुर्बिणीशिवायही कळतो. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३५०० केल्विन, राजन्यचं १२,००० च्या घरात, आणि आपला सूर्य मध्ये कुठेतरी, ५७७२ वर. म्हणजे ताऱ्यांमध्ये तांबडे ते थंड आणि निळे ते कढत.

घरातली गॅसची शेगडीही निळ्याच्याच बाजूने साक्ष देते, पण तिचं कारण वेगळं आहे. तिथला निळा रंग तापलेल्या वस्तूचा नसून जळताना क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांचा असतो. बर्नरची भोकं तुंबली, हवा कमी पडली, की न जळलेले काजळीचे कण तापून चमकू लागतात, ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांची बुडं काळी पडतात. पिवळी ज्योत दिसायला अधिक 'आगीसारखी'. भात मात्र निळीवर लवकर शिजतो.

तांबड्याची बाजू घेणारा एक जुना प्रयोग आहे. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल सूर्याकडे रंगीत काचांतून बघत असत, आणि काही काचांतून डोळ्याला जास्त धग लागते असं त्यांच्या लक्षात आलं. १८०० मध्ये त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि त्यातल्या एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे आणखी चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. मग ठरलं तर, तांबडाच गरम? तसं नाही. काचेचा लोलक जांभळ्या बाजूचे रंग ऐसपैस पसरवतो आणि तांबड्या बाजूचे दाटीवाटीने बसवतो. तेवढ्याच जागेत तांबडा प्रकाश जास्त मावल्यामुळे पारा तिथे अधिक चढतो. एकेका प्रकाशकणाचा हिशेब केला, तर निळा कण तांबड्यापेक्षा जवळजवळ दीडपट ऊर्जा बाळगून असतो.

तेव्हा तांबड्याची ऊब प्रकाशाच्या गुणधर्मात शोधून सापडायची नाही. ती कुठून आली?

रंगांची अशी वाटणी माणूस अनादिकाळापासून करत आला आहे, असं समजण्याचंही कारण नाही. रंगांचा इतिहास लिहिणारे फ्रेंच अभ्यासक मिशेल पास्तुरो सांगतात, की मध्ययुगातल्या युरोपात निळा हा उष्ण रंग मानला जाई. आजच्या अर्थाने ही विभागणी रुजली ती अठराव्या शतकात, चित्रकारांच्या वर्तुळात. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७७८ च्या व्याख्यानात विद्यार्थ्यांना बजावलं, की चित्रातला उजेडाचा भाग पिवळा-तांबडा, उबदारच असला पाहिजे. निळा, करडा, हिरवा हे त्याला उठाव देण्यापुरते. थॉमस गेन्सबरो यांनी चमकत्या निळ्या साटिनच्या पोशाखातला एक मुलगा चित्राच्या ऐन मध्यावर उभा केला, तो रेनॉल्ड्सना तोंडावर उत्तर देण्यासाठी, अशी दंतकथा आहे. 'द ब्लू बॉय' हे ते चित्र आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन संग्रहात आहे. दंतकथा झकास, फक्त तारखा जुळत नाहीत. चित्र १७७० मध्येच प्रदर्शनात लागलं होतं, व्याख्यानाच्या आठ वर्षं आधी.

पुढे १८१० मध्ये जर्मन कवी गटे यांनी रंगांवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात पिवळ्या-नारिंगी रंगांना 'अधिक' बाजूला आणि निळ्यांना 'उणे' बाजूला बसवलं. १८१३ मध्ये चार्ल्स हेटर या इंग्रज चित्रकाराने रंगचक्रच उष्ण आणि शीत असं विभागून छापलं. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी उष्ण रंगसंगती आणि शीत रंगसंगती म्हणून जे घोटलं, त्याचं मूळ इथे आहे. संकल्पचित्रात पोस्टर कलर भरताना हिरवा कुठल्या बाजूला टाकायचा यावरून होणारी घालमेलही तेव्हापासूनचीच असणार.

पण चित्रकारांनी हे हवेतून काढलेलं नव्हतं. उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्याला जे दिसतं, त्यालाच त्यांनी नाव दिलं. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर घ्या. अर्धं उन्हात आणि अर्धं भिंतीच्या सावलीत. बघणाऱ्याला दोन्ही भाग पांढरेच दिसतात, एक उजळ आणि एक मंद. त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि सावलीतला भाग तेवढा बोटांनी मोठा करून पाहिला, की तो सरळ निळसर निघतो. सूर्याचा प्रकाश हवेतून येताना त्यातला निळा भाग हवेच्या रेणूंवर आपटून विखुरतो. निळ्याचं विखुरणं तांबड्याच्या चौपटीहून अधिक असतं. हा नियम १८७१ मध्ये लॉर्ड रॅली यांनी मांडला. अशा निळा गाळलेल्या उन्हात थोडी पिवळसर झाक येते. सावलीत थेट ऊन पोचतच नाही. तिथे जो उजेड असतो त्यातला मोठा वाटा आकाशाचा, म्हणजे त्याच विखुरलेल्या निळ्याचा.

इथे सगळा गुंता सुटायला लागतो. पिवळसर उजेडात उभं राहिलं की पाठ भाजते, निळसर उजेडात गेलं की बरं वाटतं. हा धडा माणसाच्या कातडीला आणि डोळ्यांना जन्मापासून रोज, कुणी न शिकवता मिळतो. संध्याकाळ झाली की चूल, शेकोटी, दिवा, म्हणजे पुन्हा ऊब आणि पुन्हा पिवळा-तांबडा. पाणी, दूरचं आकाश, झाडाखालची सावली हे सगळं दुसऱ्या बाजूला. राजन्य ताऱ्याजवळ जाऊन हात शेकून आलेला कुणी नाही. माणसाला रोज भेटणारी आग लाकडाची आणि तेलाची. ती दीड-दोन हजार केल्विनच्या पुढे जात नाही, आणि त्या तापमानाला गरम वस्तू तांबड्या-पिवळ्याच दिसतात. नजरेचा अनुभव खोटा नाही. त्याचा आवाका फक्त शेकोटीएवढा आहे.

मेंदू हा ऊन-सावलीचा हिशेब किती मुरलेल्या सवयीने करतो, हे २०१५ च्या फेब्रुवारीत साऱ्या जगाने पाहिलं. एका झग्याचा फोटो इंटरनेटवर फिरला, आणि घराघरांत भांडणं लागली. काहींना तो पांढरा आणि सोनेरी दिसत होता, काहींना निळा आणि काळा. प्रत्यक्षात झगा निळा-काळाच होता. फोटोतला उजेड कसला आहे, हे त्यावरून कळत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला अंदाज बांधला. झगा निळसर सावलीत आहे असं धरणाऱ्या मेंदूने निळा वजा केला, उरला पांढरा-सोनेरी. पिवळ्या दिव्याखाली आहे असं धरणाऱ्याने पिवळा वजा केला, उरला निळा-काळा. आणि हे सगळं मालकाला न विचारता.

दूरच्या डोंगरांनीही निळ्याच्या गारव्याला हातभार लावला आहे. सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावरून पावसाळ्यानंतर पाहिलं, तर समोरची रांग हिरवी, तिच्या मागची निळसर हिरवी, त्यामागची निळी, आणि शेवटची आकाशात विरघळल्यासारखी. झाडं सगळीकडे तीच. मधल्या हवेचा थर वाढत जातो. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत हे बारकाईने नोंदवून ठेवलं आहे. उष्ण रंग पुढे येतात आणि शीत रंग मागे सरतात हा चित्रशाळेतला नियम मुख्यतः इथून निघाला. डोळ्याचं भिंग तांबडा आणि निळा एकाच जागी नेमका आणू शकत नाही, त्यामुळे काळ्या पाटीवरची तांबडी अक्षरं निळ्यांपेक्षा पुढे तरंगल्यासारखी वाटतात, हेही त्यात भर घालतं. मात्र काही लोकांना हे नेमकं उलट दिसतं, तेव्हा या दुसऱ्या कारणावर फार भिस्त ठेवू नये.

मराठी चित्रकलेत या साऱ्याचा सुंदर दाखला म्हणजे सा. ल. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र. मूळचे सावंतवाडीचे हळदणकर. हे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि बघायला येणारे अनेक जण ते रवी वर्म्याचं समजून परत जातात. स्त्रीने एका हाताने ज्योत झाकली आहे. ज्योत अशी दिसतच नाही. दिसतात ती तिच्या बोटांच्या कडा, उजेड आतून पार झाल्यासारख्या नारिंगी-तांबड्या, आणि चेहऱ्यावर पसरलेला पिवळा उजेड. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कोरा कागद राखायचा असतो, म्हणजे ही सगळी ऊब चुकायला जागा न ठेवता एकदाच साधावी लागते. ती साधली आहे, कारण साडीचे जांभळट आणि भोवतालचे मंद रंग तिला जागा करून देतात. तेच चार पिवळे-नारिंगी फटकारे भडक तांबड्या भिंतीपुढे मारले असते, तर ज्योत विझली असती.

कारण रंगाची ऊब ही शेजारावर ठरते. गाजरी तांबड्याशेजारी किरमिजी तांबडा थंड दिसतो. निळ्याशेजारी तोच गरम. करड्या रंगाचा तुकडा नारिंगी कागदावर ठेवला, की निळसर झाक मारतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात गालिच्यांच्या लोकरीचे रंग फिके दिसतात अशी तक्रार आली, तेव्हा रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना रंगात काहीच खोट सापडली नाही. खोट शेजारच्या धाग्यांत होती. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मराठी घरांत हे ज्ञान ग्रंथाशिवाय वापरात होतं. धुतलेलं सुती कापड कालांतराने पिवळट पडतं. शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ टाकली, की पिवळेपण निळ्याने मारलं जातं आणि धोतर पुन्हा स्वच्छ, 'थंड' पांढरं दिसतं. खरं म्हणजे नीळ घातल्याने कापड थोडा कमीच प्रकाश परतवतं. तरीही ते जास्त पांढरं वाटतं.

या सगळ्यांत मजेशीर फसवणूक चांदण्याची आहे. चांदणं शीतल, हे आपण कोजागरीच्या दुधाबरोबर पीत आलो आहोत. चंद्राचा पृष्ठभाग किंचित तांबूस करडा आहे, आणि त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश मूळ उन्हापेक्षा थोडा पिवळा-तांबडाच असतो. रंगतापमान काढलं तर ते ४१०० केल्विनच्या आसपास येतं. म्हणजे बल्बवाल्यांच्या भाषेत चांदणं दुपारच्या उन्हाहून 'वॉर्म'. मग ते निळसर का वाटतं? मंद उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. या दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत, आणि त्यांची संवेदना निळ्या-हिरव्याकडे झुकलेली असते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात बागेत हे टिपलं: दिवस मावळताना तांबडी फुलं आधी काळी पडतात, आणि त्याच झाडाची पानं मात्र बराच वेळ उजळ राहतात. अंगणातल्या जास्वंदीवर हे कुणालाही तपासता येईल. दिवेलागणीला हवा गार होत असते आणि तेव्हाच डोळ्यातून तांबडा निघून जात असतो. दोन्ही गोष्टी बरोबर घडतात, आणि मेंदू त्यांची गाठ मारून ठेवतो.

ही गाठ किती घट्ट आहे, याची मोजदादही झाली आहे. ब्रिटिश आणि चिनी लोकांना रंगांच्या चकत्या दाखवून कुठली उबदार आणि कुठली थंड हे विचारलं गेलं, तेव्हा दोन्हीकडची उत्तरं चांगलीच जुळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उबेचं शिखर तांबड्यावर नव्हतं, तर नारिंगीवर. आणि त्याच्या बरोबर समोर, हिरवट निळ्यावर, थंडीचा तळ. शिवाय रंग जितका गडद-शुद्ध तितकी त्याची ऊब किंवा गारवा जास्त, फिका पडला की दोन्ही कमी. जांभळा आणि हिरवा कुंपणावर.

पण 'उबदार वाटतो' म्हणजे अंगाला ऊब लागते का? डेन्मार्कमध्ये पी. ओ. फँगर हे घरातल्या हवेच्या सुखाचे मोठे अभ्यासक. १९७७ मध्ये त्यांनी १६ जणांना एकदा गडद तांबड्या आणि एकदा गडद निळ्या उजेडात बसवून आपल्याला हवं तसं तापमान लावून घ्यायला सांगितलं. तांबड्या उजेडात लोकांनी निवडलेलं तापमान निळ्यातल्यापेक्षा ०.४ अंश सेल्सिअसने कमी निघालं. परिणाम आहे, पण अगदी एवढासा. दिवाणखान्याला निळा रंग दिल्याने एसीचं बिल उतरेल, असं सांगणाऱ्या रंगाऱ्याला हा आकडा दाखवावा.

याहून मासलेवाईक निकाल जपानमधून आला. २०१४ मधल्या एका प्रयोगात लोकांना तांबड्या आणि निळ्या पृष्ठभागांना हात लावून ते गरम लागतात की नाही हे सांगायचं होतं. अपेक्षा अशी, की तांबडा लवकर गरम वाटेल. झालं उलट. सारख्याच तापमानाला निळी वस्तू गरम आहे असं लोक अधिक वेळा म्हणाले. तांबडी गरम वाटायला ती जरा जास्तच तापवावी लागली. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की तांबडी वस्तू बघताच मेंदू उबेची अपेक्षा करून बसतो, हाताला तेवढी ऊब मिळत नाही, आणि ती कोमट ठरते. निळ्याकडून काहीच अपेक्षा नसल्याने थोडीशी ऊबही भरीव वाटते.

स्वित्झर्लंडमध्ये २००५ मध्ये झालेला प्रयोग तर निळ्याला पुरता उघडा पाडतो. माणसाच्या डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज काही थोड्या पेशी अशा असतात, ज्यांचं काम दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवणं. त्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त जाग्या होतात. संध्याकाळी शरीराचं आतलं तापमान एरवी हळूहळू उतरत जातं आणि झोप येते. दोन तास निळा उजेड दिल्यावर हे उतरणं मंदावलं, नाडी वाढली, झोपेचं मेलाटोनिन दबलं. तेवढ्याच प्रकाशकणांच्या हिरव्या उजेडाने तसं झालं नाही. 'थंड' म्हणून नावाजलेला निळा रात्री शरीराला मात्र थंड होऊ देत नाही.

माणसं कुठल्या रंगांबद्दल जास्त बोलतात, यातही उबेचा हात आहे. न्यू गिनीतल्या दानी लोकांच्या भाषेत रंगांसाठी मूळ दोनच शब्द: 'मिली' आणि 'मोला'. एकात गडद आणि थंड रंग, दुसऱ्यात फिके आणि उष्ण. २०१७ मध्ये टेड गिब्सन आणि बेव्हिल कॉनवे या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांबरोबर काम केलं आणि जगभरच्या शंभराहून अधिक भाषांची आधी जमवलेली माहिती पुन्हा तपासली. भाषा कुठलीही असो, तांबड्या-पिवळ्या बाजूचे रंग लोक अधिक नेमकेपणाने सांगतात आणि निळ्या-हिरव्या बाजूचे ढोबळपणे. कारण शोधायला त्यांनी हजारो छायाचित्रं घेतली. माणसाला ज्यांच्यात रस असतो अशा वस्तू, म्हणजे प्राणी, फळं, चेहरे, यांचे रंग बहुतेक उष्ण बाजूचे निघाले. त्यांच्या मागची पार्श्वभूमी, आकाश, पाणी, गवत, ही शीत बाजूची. उष्ण रंग पुढे येतो हा चित्रकारांचा नियम भाषेतही लागू पडला म्हणायचा.

मराठी स्वयंपाकघराने मात्र या नियमाला कधीच भीक घातली नाही. तिथे उष्ण आणि थंड हे दोन शब्द दिवसातून दहादा उच्चारले जातात, पण रंगाकडे न पाहता. लालभडक कलिंगड थंड. गुलकंद थंड. आमसुलाचं गर्द तांबडं सरबत ऐन वैशाखात अंगातली उष्णता काढायला. उलट पांढराशुभ्र लसूण उष्ण, हिरवी मिरची उष्ण, आणि राखाडी-हिरवट बाजरी तर इतकी उष्ण की तिची भाकरी थंडीतच शोभते. आंबा आणि पपई तेवढे रंगाला जागतात.

आणि संक्रांतीला तर रंगचक्र गुंडाळूनच ठेवलं जातं. एरवी सणासुदीला वर्ज्य असलेला काळा रंग जानेवारीच्या थंडीत अंगावर चढतो. काळी चंद्रकळा, वर हलव्याचे दागिने. कारणही घरोघरी सांगितलं जातं: काळा ऊन ओढून घेतो. हे खरं आहे. दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा पिऊन टाकणारा हाच रंग. पण मग वाळवंटातले बदू लोक भर उन्हात काळे झगे का घालतात? १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचं उत्तर प्रसिद्ध झालं. झग्यांचं कापड मोजलं तेव्हा काळं पांढऱ्याहून बरंच जास्त तापलेलं होतं, पण कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच होती. झगा सैल असल्यामुळे कापडाने घेतलेली जास्तीची धग वाऱ्यावर बाहेरच्या बाहेर जात होती. चापूनचोपून नेसलेल्या चंद्रकळेत ती वाट बरीच बंद असते.

रंग आणि उन्हाचा हा हिशेब कपड्यांप्रमाणे आज छपरांवरही मांडला जातो. गच्चीला पांढरा रंग दिला की खालची खोली कमी तापते, हे आता शहरांत सगळ्यांना माहीत झालं आहे. पण सगळ्यांनाच पांढरं छप्पर नको असतं. उतरत्या छपरावर लोकांना तपकिरी किंवा विटकरीच हवा असतो. इथे हर्शेलचा तो अदृश्य पट्टा कामी येतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्त असतो, आणि एखादा रंग डोळ्याला कसा दिसतो यावरून तो या निम्म्या भागाचं काय करतो हे अजिबात कळत नाही. झाडाचं पान हिरवं दिसतं, पण जवळच्या अवरक्त किरणांपैकी निम्म्याच्या आसपास परतवून लावतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत याच धर्तीची रंगद्रव्यं तपासली गेली आणि त्यांची कौलं बाजारात आली. दोन तपकिरी कौलं शेजारी ठेवली, एक साध्या रंगाचं आणि एक या रंगाचं, तर डोळ्याला ती एकाच भट्टीची वाटतात. दुपारी त्यांच्यावर हात ठेवला की एक सोसवतं आणि दुसरं चटका देतं.